आठवणींवर भरवसा न ठेवणारा अल्बम

२२ नोव्हेंबर १९६८ रोजी ब्रिटनमध्ये दोन अल्बम एकाच दिवशी दुकानांत आले. एक बीटल्सचा, कोऱ्या पांढऱ्या वेष्टनातला, ३० गाण्यांचा जोडअल्बम. तो पहिल्या क्रमांकावर गेला. दुसरा लंडनच्या 'द किंक्स' या बँडचा, १५ गाण्यांचा. नाव लांबलचक : 'द किंक्स आर द व्हिलेज ग्रीन प्रिझर्व्हेशन सोसायटी'. हा अल्बम ब्रिटनच्या खपाच्या यादीत आला नाही आणि पुढे अमेरिकेतही आला नाही. ज्या बँडने १९६४ मध्ये 'यू रिअली गॉट मी'ने ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक मिळवला आणि १९६७ मध्ये 'वॉटर्लू सनसेट' दुसऱ्या क्रमांकापर्यंत नेलं, त्यांच्यासाठी ही हार मोठी होती.

या हारीचा खुलासा तेव्हापासून आजपर्यंत बहुतेक एकाच पद्धतीने केला जातो. १९६८ साली जग पेटलं होतं. पॅरिसमध्ये विद्यार्थी रस्त्यावर होते. लंडनच्या ग्रोव्हनर स्क्वेअरमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निदर्शनं होत होती, पोलिसांशी झटापटी होत होत्या. जिमी हेंड्रिक्स गिटारला नवा आवाज देत होता, रोलिंग स्टोन्स रस्त्यावरच्या लढाईचं गाणं गात होते. आणि अशा वेळी किंक्सचे गीतकार-गायक रे डेव्हिस मुरंबा, चिनीमातीचे कप, वाफेची इंजिनं आणि गावामधलं हिरवं मैदान यांची गाणी लिहीत बसले. म्हणून लोकांनी पाठ फिरवली, असं म्हणतात. हा अल्बम पळपुटा आहे, सनातनी वृत्तीचा आहे, आपल्या छोट्याशा इंग्लंडात दार लावून बसलेला आहे, असा हा आरोप आहे.

पुढे या अल्बमला चाहते मिळाले, पुष्कळ मिळाले. पण त्यांनी आरोप खोडला नाही. तोच आरोप उचलून त्यांनी त्याचं कौतुकात रूपांतर केलं. किती गोड, किती निरागस, किती अस्सल इंग्रजी, असं ते म्हणू लागले. टीकाकाराला जो भाबडेपणा खुपला, तोच चाहत्याला भावला. दोघांचं या एका गोष्टीवर एकमत आहे की हा गेलेल्या दिवसांचा गौरव करणारा अल्बम आहे.

हे एकमतच मला मुळातून अमान्य आहे. या अल्बममध्ये भूतकाळ जपायची धडपड आहे, हे खरं. पण ती धडपड गाण्यागणिक तपासली जाते, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी ती फसल्याचं स्वच्छ दाखवलं जातं. त्या वर्षातल्या इतर कुठल्याही रॉक अल्बमने आठवणींकडे इतक्या कठोरपणे पाहिलेलं नाही.

सुरुवात गीतकारापासून करू. रे डेव्हिस यांचा जन्म १९४४ चा, उत्तर लंडनमधल्या मझवेल हिल या उपनगरातला. सहा थोरल्या बहिणी, पाठीवर धाकटा भाऊ डेव्ह, जो किंक्सचा गिटारवादक झाला. हे लहानपण गावातलं नव्हतं. बसगाड्या, पब आणि एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या वस्तीतलं होतं. म्हणजे मध्यभागी सामाईक हिरवळ, एका कडेला चर्च आणि रविवारी क्रिकेट असं ज्या गावाचं चित्र 'व्हिलेज ग्रीन' म्हटल्यावर इंग्रज माणसाच्या डोळ्यापुढे येतं, ते गाव रे डेव्हिस यांनीही ऐकून, वाचून, सिनेमात पाहूनच मनात उभं केलं होतं. जे गाव आपलं कधी नव्हतंच त्याची हुरहूर लागते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अल्बमचा पायाच तिथे आहे.

आणि स्मृती ही सुखाची ऊब असते, असं मानायला त्यांना आयुष्याने जागा ठेवली नव्हती. १९५७ मध्ये त्यांच्या तेराव्या वाढदिवसाच्या सुमारास थोरली बहीण रेने हिने त्यांना गिटार भेट दिली. तिचं हृदय अशक्त होतं. त्याच रात्री लंडनच्या लायसियम बॉलरूममध्ये नाचता नाचता ती गेली. पहिलं वाद्य आणि पहिला मोठा मृत्यू ज्याच्या वाट्याला एकत्र आले, तो माणूस आठवणींना नुसतं गोड म्हणून विकेल, ही कल्पना मला पटत नाही.

आता शीर्षकगीत घ्या, कारण आरोपाचा सगळा भार त्यावरच टाकलेला असतो. या गाण्यात अल्बमच्या नावातल्या जपणूक मंडळाचे सभासद काय काय जपायचं ते एकामागून एक सांगतात. टीकाकार ही यादी जाहीरनामा म्हणून वाचतात. पण यादीत आहे कोण? डोनल्ड डक, म्हणजे चक्क अमेरिकन बदक. डेस्परेट डॅन, म्हणजे स्कॉटलंडातल्या डंडीहून निघणाऱ्या मुलांच्या चित्रकथांमधला धटिंगण. रेडिओवरच्या विनोदी मालिकेतली मोलकरीण. शेरलॉक होम्स, आणि त्याच्याबरोबर त्याचा वैरी मोरिआर्टीसुद्धा. शिवाय ड्रॅक्युला. राणी, साम्राज्य, झेंडा, सैन्य, युद्धातला विजय या गोष्टींचा पत्ता नाही. १९४५ नंतरच्या इंग्रजी राष्ट्राभिमानाला जे पूज्य होतं, त्यातलं बहुतेक इथे गैरहजर आहे. जपायचं आहे ते स्वस्तातलं, सामान्य लोकांचं मनोरंजन : चित्रकथा, रंगमंचावरचा हलकाफुलका तमाशा, खलनायक, कोपऱ्यावरची लहान दुकानं. रक्तपिपासू सरदारालाही संरक्षण देणाऱ्या मंडळाला सनातनी ठरवायचं असेल, तर त्याआधी यादी नीट वाचावी लागेल.

या यादीत एक नाव मला खटकतं आणि ते लपवायचं कारण नाही. फू मांचू. सॅक्स रोमर या लेखकाने चिनी माणसाबद्दलची सगळी भीती आणि तिरस्कार ओतून रंगवलेला हा खलनायक. १९६८ साली तो सिनेमांमुळे घराघरांत माहीत होता, म्हणून तो गाण्यात आला. आज ऐकताना तो बोचतो आणि बोचायलाच हवा. पण त्याला खलनायकांच्या रांगेत उभं केलेलं आहे, आणि त्या एका नावावरून सगळ्या अल्बमला परकीयद्वेष्टा ठरवणं हा न्याय नव्हे.

परकीयद्वेषाचा मुद्दा निघालाच आहे तर त्याच वर्षातलं खरं उदाहरण समोर ठेवायला हवं. २० एप्रिल १९६८ रोजी बर्मिंगहॅममध्ये हुजूर पक्षाचे खासदार इनॉक पॉवेल यांनी स्थलांतरितांविरुद्ध कुप्रसिद्ध भाषण केलं. हरवलेल्या इंग्लंडचं राजकारण कसं असतं ते तिथे दिसतं. आधी एक सुंदर भूतकाळ कल्पायचा, मग तो कुणीतरी लुटला असं सांगायचं आणि बोट बाहेरून आलेल्या माणसाकडे दाखवायचं. किंक्सच्या अल्बममध्ये हे बोट कुणाकडे वळतं ते पाहा. 'व्हिलेज ग्रीन' हे गाणं त्यातलं सर्वांत जुनं. १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये ध्वनिमुद्रित झालेलं, हार्प्सिकॉर्ड आणि ओबोच्या सुरावटींनी सजलेलं. गाणारा गाव सोडून नाव कमवायला शहरात गेला आहे. त्याची डेझी मागे राहिली. तिने टॉमशी लग्न केलं. किराणा दुकानातला तो पोरगा आता स्वतः दुकानाचा मालक आहे. गावातली जुनी घरं पाहायला अमेरिकन पर्यटक येतात, फोटो काढतात, कौतुक करतात. दोष कुणाचा? पर्यटकांचा नाही, टॉमचा नाही. सोडून गेला तो गाणारा. आता परत जाऊन डेझीबरोबर चहा घेत गावच्या गोष्टी करू, असं तो म्हणतो आणि ऐकणाऱ्याला कळतं की ती बैठक झाली तरी टॉमच्याच घरात होईल. ज्या गाण्यात नुकसानीचा जबाबदार गाणारा स्वतः असतो, त्याला पॉवेलच्या रांगेत बसवता येत नाही.

दुसरं गाणं, 'डू यू रिमेंबर वॉल्टर?'. शाळेतला जिवलग मित्र. दोघांनी मिळून जगाशी झुंजायचं ठरवलं होतं, बोट घेऊन समुद्रावर जायचं ठरवलं होतं. आता तो भेटला तर काय होईल? गाणाऱ्याला ते स्पष्ट दिसतं. वॉल्टर लठ्ठ झाला असेल, संसारी झाला असेल, रात्री लवकर झोपत असेल. जुन्या गप्पांचा त्याला कंटाळा येईल. कदाचित आपलं नावही त्याला आठवणार नाही. स्मरणरंजन करणारं गाणं मित्राला भेटवतं, मिठी मारतं, डोळे पुसतं. हे गाणं भेट होऊच देत नाही, कारण भेट झाली तर जवळची आठवणही जाईल. माणसं बदलतात, त्यांच्या आठवणी मात्र मागे राहतात, हा निष्कर्ष वरवर दिलासा देतो. नीट ऐकलं तर त्यात म्हटलं आहे की आठवणीचा त्या जिवंत माणसाशी आता काही संबंध उरलेला नाही. चोवीस वर्षांच्या गीतकाराने हे लिहिलं आहे.

आता तिसरं उदाहरण, 'लास्ट ऑफ द स्टीम-पॉवर्ड ट्रेन्स'. वाफेच्या इंजिनाच्या प्रेमाचं गाणं म्हणून हे टीकाकार पुढे करतात. ब्रिटिश रेल्वेने मुख्य मार्गांवरची वाफेची प्रवासी वाहतूक ११ ऑगस्ट १९६८ च्या निरोपाच्या फेरीने संपवली, आणि ऑक्टोबरमध्ये हे गाणं ध्वनिमुद्रित झालं. विषय इतका ताजा होता. पण गाण्याचा खरा अर्थ शब्दांइतकाच गिटारच्या रिफमध्ये आहे. ती सुरावट हाउलिन वुल्फ या अमेरिकन ब्लूज गायकाच्या 'स्मोकस्टॅक लाइटनिंग'वरून सरळ घेतलेली आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या क्लबांमध्ये रिदम अँड ब्लूज वाजवणाऱ्या पोरांचं ते लाडकं गाणं होतं. यार्डबर्ड्सनी ते वाजवलं, मॅनफ्रेड मॅनने वाजवलं. म्हणजे शेवटचं इंजिन ही मुळात रेल्वेची गोष्ट नाहीच. ही त्या बंडखोर पोरांची गोष्ट आहे. त्यातले बाकीचे पांढरपेशे झाले, सभ्य झाले. हा एक उरला, आणि तो कुठे उरला? संग्रहालयात. तिथे तो सुखरूप आहे. जपणुकीचा याहून कडवट निकाल कुठल्या गाण्याने दिला आहे? जपलं गेलं ते इंजिन धावत नाही. आणि हे सांगणारं गाणं मात्र शेवटाकडे वेग घेत घेत धावतं.

वॉल्टर, हे इंजिन आणि 'जॉनी थंडर' ही तीन गाणी शेजारी ठेवली की पळपुटेपणाचा आरोप टिकत नाही. मार्लन ब्रँडोच्या 'द वाइल्ड वन' या १९५३ च्या सिनेमातल्या मोटारसायकलस्वारावरून सुचलेला जॉनी, त्याला गावातल्या कुणालाही गाठता येत नाही. बंडखोर तरुणाचं पुढे काय होतं, हा या तिन्ही गाण्यांचा विषय आहे. तो एकतर वॉल्टर होतो, किंवा संग्रहालयात जातो, किंवा दंतकथा बनून माणसांपासून तुटतो. १९६८ च्या वर्षात, जेव्हा सगळी पिढी आपलं बंड कायमचं आहे असं मानत होती, तेव्हा तिला हा प्रश्न विचारणं हे पळून जाणं कसं? त्या वर्षीच्या घोषणा देणाऱ्या गाण्यांना हा प्रश्न सुचला नव्हता. पुढच्या वीस वर्षांत त्या पिढीतले कितीतरी जण वॉल्टर झाले.

'जपणूक म्हणजे प्रतिगामीपणा' हे समीकरणही त्या काळाला लावता येत नाही. १९६१-६२ मध्ये लंडनच्या यूस्टन स्थानकासमोरची भव्य दगडी कमान विरोध डावलून पाडली गेली. पुढे सेंट पँक्रस स्थानकावर पाळी आली, तेव्हा कवी जॉन बेट्जमन आणि व्हिक्टोरियन सोसायटी यांनी लढा दिला आणि १९६७ च्या नोव्हेंबरमध्ये त्या इमारतीला सर्वोच्च श्रेणीचं संरक्षण मिळालं. त्याच वर्षी मजूर पक्षाच्या राजवटीत संरक्षित वस्त्यांचा कायदा झाला. आणि १६ मे १९६८ च्या पहाटे पूर्व लंडनमधल्या रोनन पॉइंट या नव्याकोऱ्या २२ मजली निवासी इमारतीत गॅसचा स्फोट होऊन तिचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार माणसं दगावली. गरीब वस्त्या उठवून उभारलेल्या अशा मनोऱ्यांवरचा लोकांचा विश्वास त्या दिवशी उडाला. त्यानंतर सहा महिन्यांनी आलेल्या अल्बमचं शीर्षकगीत उंच इमारतींचा आणि कार्यालयांच्या ठोकळ्यांचा निषेध करतं, त्यात स्वप्नाळूपणा कुठे आहे? आपल्या राहत्या जागेचं काय होणार हे ठरवण्याचा हक्क कुणाचा, हा तेव्हाचा जळता प्रश्न होता. बांधकामाच्या बाजूने उभं राहणं तेवढं पुरोगामी, असं ज्यांना वाटतं त्यांनी रोनन पॉइंटच्या रहिवाशांची आठवण ठेवावी.

मराठी वाचकाला हा वाद परका वाटू नये. गाव, वाडा, चाळ यांवर कुणी लिहिलं की आपल्याकडेही स्मरणरंजनाचा शिक्का तयार असतो, आणि पुष्कळदा तो बरोबरही बसतो. पण 'बनगरवाडी'वर आपण तो मारत नाही, कारण १९५५ च्या त्या कादंबरीत व्यंकटेश माडगूळकरांनी गाव जसं वसतं दाखवलं तसंच दुष्काळात रितं होतानाही दाखवलं. लेखनात भूतकाळ आहे एवढ्यावर निवाडा होत नाही. लेखक त्या भूतकाळाचं काय करतो यावर होतो. हीच कसोटी किंक्सना लावावी, एवढीच मागणी आहे.

संगीताविषयीही एक आरोप आहे आणि तो जास्त गंभीर मानला जातो : अल्बम मवाळ आहे, पातळ आहे, त्यात रॉकचा जोर नाही. हे कोण म्हणतो ते पाहा. ज्या बँडमधल्या डेव्ह डेव्हिसने आपल्या लहानशा अँप्लिफायरच्या स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरून 'यू रिअली गॉट मी'चा तो फाटका, गुरगुरणारा आवाज काढला, त्या बँडला जोर म्हणजे काय हे शिकवायला निघालेले लोक. जोर कुठे वापरायचा आणि कुठे आवरायचा हे या अल्बममध्ये ठरवून केलेलं आहे. डेव्हने गायलेलं 'विकेड अ‍ॅनाबेला' ऐका. गावातल्या चेटकिणीचं हे गाणं घोगऱ्या, घुसमटलेल्या गिटारवर चालतं आणि बाकीच्या हिरवळीवर सावली टाकतं. 'बिग स्काय'मध्ये मिक एव्हरीचे ड्रम आकाशाखाली ओरडणाऱ्या माणसांसारखे आदळत राहतात आणि रे डेव्हिस निम्मं बोलत, निम्मं गात सांगतात की वरचा तो विराट कुणी इतका मोठा आहे की खालच्यांचं दुःख त्याला शिवत नाही. देवाच्या उदासीनतेवर इतकं सरळ गाणं त्या वर्षी रॉकमध्ये क्वचितच कुणी केलं असेल.

आणि 'सिटिंग बाय द रिव्हरसाइड'. नदीकाठी निवांत बसल्याचं गाणं, म्हणून हे गोडव्याचा पुरावा ठरतं. पण मध्येच खालून सुरांचा एक लोंढा चढत जातो. सगळं एकमेकांत मिसळून गरगरतं, आता काहीतरी फुटणार असं वाटतं आणि मग एकदम पुन्हा तोच शांत ठेका. या अल्बममधली शांतता कशावर टेकली आहे, ते या काही क्षणांत कळतं. शब्दांत न सांगता वाद्यांनी सांगितलेली ही गोष्ट ज्यांना ऐकू येत नाही, त्यांनी अल्बमला पातळ म्हणू नये. निकी हॉपकिन्स यांची कळफलकाची साथ, मेलोट्रॉनचे धूसर झालेले सूर, पीट क्वेफचा हलता, गाता बेस हे सगळं त्या धास्तीला धरून आहे. क्वेफ पुढच्या वर्षी बँड सोडून गेले. मूळ चौघांचा हा शेवटचा अल्बम.

मग अपयश का आलं? याची कारणं पुरेशी ठोस आहेत आणि त्यांत युगधर्माचा काही भाग असलाच तर थोडा आहे. १९६५ च्या अमेरिका दौऱ्यात भांडणं झाल्यानंतर तिथल्या संगीतकारांच्या संघटनेने किंक्सना परवाने नाकारले. पुढची चार वर्षं, म्हणजे १९६९ पर्यंत, त्यांना अमेरिकेत कार्यक्रम करता आले नाहीत. ज्या वर्षांत इतर ब्रिटिश बँड तिथली मैदानं भरून टाकत होते, त्याच वर्षांत हे जगातल्या सर्वांत मोठ्या बाजाराबाहेर होते. १९६८ च्या वसंतात आलेलं त्यांचं सिंगल 'वंडरबॉय' ३६ व्या क्रमांकावर थांबलं. उन्हाळ्यातलं 'डेज' बाराव्या क्रमांकापर्यंत गेलं. पण अल्बम तेव्हा तयार नव्हता. सप्टेंबरमध्ये १२ गाण्यांची आवृत्ती ठरली, त्यात 'डेज' होतं. मग रे डेव्हिस यांनी ती थांबवली. त्यांना २० गाण्यांचा जोडअल्बम हवा होता. पाय या कंपनीने तो नाकारला, तडजोड १५ गाण्यांवर झाली आणि त्या तडजोडीत 'डेज' बाहेर गेलं. १२ गाण्यांची आवृत्ती स्वीडन, नॉर्वे, फ्रान्ससारख्या देशांत निघून गेली होती. ब्रिटनमध्ये अल्बममधलं एकही गाणं सिंगल म्हणून आलं नाही. लोकांनी रेडिओवर ऐकावं आणि दुकानात जाऊन मागावं, असं काही त्यांच्या हातात दिलंच नाही. आणि या सगळ्या उशिरानंतर मुहूर्त लागला तो बीटल्सच्या जोडअल्बमच्या दिवशीच. हे सगळं बाजूला ठेवून 'लोकांनी नाकारलं' असं म्हणणं सत्याला सोडून आहे. बहुतेक लोकांपर्यंत तो अल्बम पोचलाच नाही.

टीकाकारांशी इतकं बोलल्यावर चाहत्यांशीही बोलायला हवं, कारण आज अल्बमचं जास्त नुकसान तेच करतात. नव्वदच्या दशकात ब्लरसारख्या बँडनी किंक्सचा वारसा अभिमानाने मिरवला, ते चांगलंच झालं. पण त्याबरोबर अल्बमची एक सुबक, चहाच्या कपासारखी प्रतिमाही पक्की झाली. तिचा कळस २००४ मध्ये झाला. एका मोठ्या संगणक कंपनीने डिजिटल फोटो आणि प्रिंटर यांच्या जाहिरातीत 'पिक्चर बुक' वापरलं. गाणं कशाविषयी आहे? म्हातारपणी जुना फोटोंचा संग्रह उघडून बसणं, आणि आपण एकमेकांवर प्रेम करत होतो याचा पुरावा त्यात शोधणं. ज्यांना प्रेमाचा पुरावा लागतो त्यांच्यापाशी तेव्हा प्रेम उरलेलं नसतं, ही त्या गाण्यातली धग. ती जाहिरातीत गेली कुठे? चाल उरली आणि अर्थ गेला. माझ्या मते अल्बमचा असा अपमान त्याच्या टीकाकारांनीही केला नव्हता.

अल्बमची रचना पाहिली असती तर ही चूक टळली असती. 'पिक्चर बुक' हे अल्बममधलं तिसरं गाणं आहे. अगदी शेवटचं, पंधरावं गाणं आहे 'पीपल टेक पिक्चर्स ऑफ ईच अदर'. त्यात लोक एकमेकांचे फोटो का काढतात याचं उत्तर दिलेलं आहे. आपण खरोखर अस्तित्वात होतो हे सिद्ध करायला, आणि कुणाला तरी आपण महत्त्वाचे होतो हे पटवायला. आणि शेवटी गाणाऱ्याला ते सहन होत नाही. आता आणखी फोटो दाखवू नका, असं तो विनवतो. ज्या अल्बमची सुरुवात 'सगळं जपू या' अशी होते त्याचा शेवट 'पुरे करा' असा होतो. या दोन टोकांमध्ये जे घडतं त्याचं नाव अल्बम. पहिलं गाणं गुणगुणून थांबणाऱ्याला तो कळलेला नाही.

आणि अजूनही कुणाला शंका असेल, तर पुढे रे डेव्हिस यांनी याच कल्पनेचं काय केलं ते पाहावं. १९७३ आणि १९७४ मध्ये किंक्सनी 'प्रिझर्व्हेशन' या नावाचे दोन भाग काढले. त्या कथेत एकीकडे फ्लॅश नावाचा लोभी सत्ताधारी आहे, तो गाव विकून बांधकामांना देतो. दुसरीकडे त्याच्याविरुद्ध उठलेला ब्लॅक नावाचा नीतिमान नेता आहे. तो शुद्धतेच्या आणि जुन्या मूल्यांच्या नावाने सत्ता घेतो आणि माणसांना दडपतो. विकणारा वाईट, आणि जपणुकीचा झेंडा घेऊन राज्य करणाराही वाईट. जपायची इच्छा खासगी असते तोवर ती माणसाला हळवी करते. ती सत्ता झाली की माणसाला चिरडते. हे ज्याला दिसत होतं, त्याला भाबडा म्हणणं हे त्याचं काम न ऐकल्याचं लक्षण आहे. १९६८ च्या अल्बममध्ये या जाणिवेचं बीज जागोजागी आहे.

२०१८ मध्ये, पन्नास वर्षांनी, या अल्बमला ब्रिटनमध्ये एक लाख प्रतींच्या विक्रीचं सुवर्ण मानांकन मिळालं. उशिरा आलेल्या या सन्मानाबद्दल आनंद आहे. पण विकला गेला म्हणजे समजला गेला, असं होत नाही. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात हजारो फोटो आहेत, आणि जुन्या दिवसांच्या गोडव्यावर निवडणुका लढवल्या जातात. अशा काळात 'जपायचं काय, कशासाठी, आणि जपल्यावर ते जिवंत राहतं का' हे तीन प्रश्न एकत्र विचारणारी कलाकृती मागच्या काळातली कशी असेल? तिच्यावरचा निकाल बदलायला हवा. त्यासाठी अल्बम मांडलेल्या क्रमाने, पहिल्यापासून पंधराव्या गाण्यापर्यंत ऐकायला हवा. आरोप करणाऱ्यांनी आणि गोड म्हणणाऱ्यांनीही.